साठ टन ऊस येतो कुठून? पानातल्या स्वयंपाकाविषयी

सांगली जिल्ह्यातल्या एका ऊस उत्पादक शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न असा: "माझी मुलगी सातवीत आहे. पुस्तकात लिहिलंय की वनस्पती सूर्यप्रकाशापासून स्वतःचं अन्न स्वतः तयार करतात. ती मला म्हणाली, मग बाबा, तुम्ही उसाला पोत्यांनी खत का घालता? मला उत्तर देता आलं नाही. खत हे अन्न नसेल तर काय आहे? एकरी ६० टन ऊस येतो तो नेमका कशाचा बनतो? आणि उसाएवढं वजन सोयाबीनला का येत नाही? पावसाळ्यात दोन महिने ढगाळ गेलं की माझा ऊस का थांबतो?"

तुमच्या लेकीने नेमकं बोट ठेवलंय. मी कृषी महाविद्यालयात वनस्पती शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे. दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांना विचारायचो, झाडाचं वजन येतं कुठून? वर्गातली बहुतेक मुलं शेतकऱ्यांच्या घरची. जवळजवळ सगळी म्हणायची, "जमिनीतून." त्यांचं चुकत होतं, पण त्यांना दोष देता येत नाही. आपली भाषाच तसं सांगते. नत्र-स्फुरद-पालाशाला आपण 'अन्नद्रव्यं' म्हणतो, 'उसाला खाद्य टाकलं' म्हणतो, 'हे वाण खताला खादाड आहे' म्हणतो. रोज असं बोलल्यावर खत म्हणजेच पिकाचं जेवण, असं डोक्यात बसणारच.

पुस्तकातलं वाक्यही थोडं दुरुस्त करून घ्यायला हवं. 'सूर्यप्रकाशापासून' अन्न होत नाही. प्रकाश ही वस्तू नाही, त्याला वजन नाही, त्याची भाकरी थापता येत नाही. अन्न होतं हवा आणि पाण्यापासून, सूर्यप्रकाशाच्या बळावर. यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणतात. प्रकाश म्हणजे चुलीतला जाळ. पीठ-पाणी वेगळं. मुलीला आधी एवढं सांगा, पुढचं तिला आपोआप कळत जाईल.

झाड माती खात नाही हे सगळ्यात आधी वजन करून दाखवलं ते बेल्जियमच्या यान व्हान हेल्मोंट यांनी. त्यांनी कुंडीत सुमारे ९० किलो वाळवलेली माती भरली, तीत सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं सुमारे ७७ किलो. माती पुन्हा वाळवून तोलली तर कमी झाली होती फक्त ५७ ग्रॅम, म्हणजे एक मूठसुद्धा नाही. हे त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये छापून आलं. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड सगळं पाण्याचं बनतं. इथे ते चुकले, कारण हवेला त्यांनी हिशेबात धरलंच नाही. मला याची नेहमी हळहळ वाटते, कारण 'गॅस' हा शब्द वापरात आणला तो याच माणसाने, आणि लाकूड जळताना निघणारा जो वायू त्यांनी वर्णिला तो म्हणजे कार्बन डायऑक्साइड. उत्तर त्यांच्या हातात होतं, फक्त झाडाशी त्याची गाठ मारायची राहिली. ती मारायला पुढे दीडशे वर्षं लागली. १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ यांनी दाखवलं की हवा 'शुद्ध' करण्याचं काम वनस्पतीचे फक्त हिरवे भाग करतात, आणि तेही फक्त उजेडात. १८०४ मध्ये निकोलस द सोस्यूर यांनी मोजून सांगितलं की वाढलेल्या वजनात हवेतल्या कार्बनबरोबर पाण्याचाही वाटा असतो.

आता तुमच्याच शेताचा हिशेब मांडू. ६० टन उसात सुमारे ७० टक्के पाणी असतं. म्हणजे ४२ टन पाणी गेलं, राहिला १८ टन शुष्क पदार्थ: साखर आणि चोथा. या १८ टनांत ढोबळमानाने ८ टन कार्बन आहे. तेवढा कार्बन गोळा करायला तुमच्या एका एकरातल्या पानांनी हवेतून सुमारे ३० टन कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलेला असतो. वाढे (उसाचे हिरवे शेंडे), पाचट (वाळलेला पाला) आणि मुळ्या यात धरलेल्याच नाहीत. खताकडून काय आलं? एक टन ऊस जमिनीतून साधारण एक किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि दोन किलोच्या आसपास पालाश उचलतो. ६० टनांना मिळून २०० किलोच्या आगेमागे. सिलिका, कॅल्शियम वगैरे धरले तरी १८ टनांपुढे हा आकडा किरकोळच राहतो.

आणि हवा किती विरळ! तिच्यात कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम ०.०४ टक्के. एक घनमीटर हवेत पाऊण ग्रॅम. मी एकदा फळ्यावर गणित केलं होतं: एक किलो साखर बनवायला सुमारे २,००० घनमीटर हवेतला सगळाच्या सगळा कार्बन डायऑक्साइड लागतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशा सत्तरेक खोल्यांतली हवा. तुमच्या चहात पडणाऱ्या एक चमचा साखरेमागे दहा घनमीटर हवा आहे. इतक्या विरळ मालातून पान रोज आपला घास वेचत असतं. पिकाच्या पानांनी हे काम कसं साधलं, हाच खरा विषय आहे.

पानाच्या कातडीवर बारीक छिद्रं असतात, ती पर्णरंध्रं. हवा त्यातून आत शिरते. आतल्या पेशींमध्ये हिरवे दाणे असतात, ते हरितलवक, आणि त्यांच्यात हरितद्रव्य. स्वयंपाक दोन टप्प्यांत चालतो.

पहिला टप्पा उजेडातच होतो. हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश जास्त शोषतं आणि हिरवा बऱ्यापैकी परत सोडतं, म्हणून पान आपल्याला हिरवं दिसतं. शोषलेल्या ऊर्जेच्या जोरावर पाण्याचा रेणू फोडला जातो. पाणी फोडणं सोपं नाही. भांड्यात उकळून पाणी फुटत नाही, त्याची नुसती वाफ होते. पानात मात्र मँगनीजच्या चार अणूंचा एक छोटा पुंजका ते काम साध्या तापमानाला, दिवसभर करत असतो. पाणी फुटलं की ऑक्सिजन बाहेर पडतो आणि हायड्रोजनचा माल आत राहतो. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून सुटतो असं पुष्कळांना वाटतं, पूर्वी शास्त्रज्ञांनाही तसंच वाटे. १९४१ मध्ये कॅलिफोर्नियात रुबेन आणि कामेन यांनी ऑक्सिजनचा जड समस्थानिक वापरून दाखवलं की तो येतो पाण्यातून. या टप्प्यात साखर अजून झालेली नसते. ऊर्जा मात्र एटीपी आणि एनएडीपीएच या दोन रेणूंत साठवली जाते. जाळ पेटला, आधण आलं, असं समजा.

दुसऱ्या टप्प्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून त्याची साखर बांधतात. त्यासाठी पहिल्या टप्प्यातली ऊर्जा खर्च होते. हा कार्बन पकडणारं विकर (एन्झाइम) म्हणजे रुबिस्को. त्याची दोन वैगुण्यं लक्षात ठेवा, कारण ऊस आणि सोयाबीनमधला फरक तिथेच आहे. एक म्हणजे ते फार संथ आहे. सेकंदाला दोन-तीन रेणू, इतकाच त्याचा वेग. म्हणून पान ते ढिगाने बनवून ठेवतं. दुसरं म्हणजे ते फसतं. कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडतं, आणि मग झालेली चूक निस्तरण्यात आधी कमावलेला कार्बनच परत हवेत जातो. ऊन जसं तापतं तसं हे फसणं वाढतं.

आता खताचं काम सांगतो. तुमच्या भागात गुऱ्हाळं आहेत, म्हणून गुऱ्हाळाचंच उदाहरण घेऊ. गूळ कशाचा होतो? रसाचा. चुलवाणात जळतं चिपाड. पण काहील नसेल, उसातून रस काढायला चरक नसेल, मळी काढायला झारा नसेल, तर रस आणि जाळ असूनही गूळ होत नाही. काहिलीचा धातू गुळात जात नाही, पण काहिलीवाचून गूळ नाही. खत म्हणजे ही भांडीकुंडी. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू आणि भोवती नत्राचे चार अणू असतात. रुबिस्कोसारखी सगळी विकरं नत्राशिवाय बनत नाहीत. एटीपी या नावातच फॉस्फेट आहे, म्हणजे स्फुरद. पाणी फोडायला मँगनीज. पर्णरंध्रं उघडायला आणि तयार झालेली साखर पानातून कांडीकडे धाडायला पालाश. तुमच्या मुलीला म्हणा, युरिया घालतो तो उसाला जेवायला नाही, त्याची चूल मांडायला.

हे एकदा पटलं की शेतातल्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो, तो पाहिला असेल. कोवळी पानं शिरांच्या मधून पिवळी होतात, मग पांढरट पडतात. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीमुळे मुळांना ते मिळत नाही, आणि लोहाशिवाय हरितद्रव्य बनत नाही. अशा रानात युरिया वाढवून काहीच साधत नाही. हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) शेणखतात मुरवून द्यायला हवं. नत्र कमी पडलं तर उलट होतं, पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देतं. लोह असं हलवता येत नाही. म्हणून पान पिवळं दिसलं की आधी बघा, कोवळं पिवळं की जुनं. हे दोन मिनिटांचं बघणं पुष्कळ खर्च वाचवतं. केवडा पडलेल्या उसाला नत्राचा जादा हप्ता दिलेला मी इतक्या वेळा पाहिलाय की अजूनही जीव तुटतो.

'प्रकाशसंश्लेषण वाढवणारं टॉनिक' म्हणून ज्या बाटल्या विकल्या जातात त्यांच्याबद्दल माझं मत सरळ आहे. एखादं सूक्ष्म अन्नद्रव्य खरोखर कमी असेल आणि त्या बाटलीत नेमकं तेच असेल तर गुण येईल. नाहीतर येणार नाही. आधी माती आणि पान तपासून घ्या.

आता उसाला इतकं वजन का येतं ते. या शोधाचा उसाशी थेट संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कॅलिफोर्नियात मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवाळाला किरणोत्सारी कार्बन देऊन, काही सेकंदांतच ते गरम अल्कोहोलमध्ये मारून, तो कार्बन आधी कुठल्या रेणूत गेला ते पाहिलं. पहिला पदार्थ निघाला तीन कार्बनचा. या कामाबद्दल कॅल्विन यांना १९६१ मध्ये नोबेल मिळालं, आणि सगळ्या वनस्पतींत असंच होत असणार असं धरलं गेलं. पण हवाई बेटांवर साखर मळेवाल्यांच्या संशोधन केंद्रात ह्यूगो कॉर्टशाक, कॉन्स्टन्स हार्ट आणि जॉर्ज बर हे हाच प्रयोग उसाच्या पानावर करत होते, आणि त्यांना सतत वेगळं उत्तर मिळत होतं. उसात बहुतेक कार्बन आधी चार कार्बनच्या आम्लांत सापडायचा. त्यांनी ते १९६५ मध्ये छापलं. ते वाचून ब्रिस्बेनमधल्या एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, खरा ठरवला आणि १९६६ पासून पुढे सगळी साखळी उलगडली. आज जगभर 'सी-४' म्हणून जे शिकवतात, ते असं उसाच्या पानातून बाहेर आलं.

ऊस करतो काय? रुबिस्को फसतं, हे त्याने मान्य करून टाकलंय, आणि त्याच्याभोवती दुसरी व्यवस्था उभी केली आहे. पानाच्या बाहेरच्या पेशींत एक वेगळं विकर कार्बन डायऑक्साइड पकडतं. ते ऑक्सिजनला फसत नाही. पकडलेला माल चार कार्बनच्या आम्लाच्या रूपात शिरांभोवतीच्या जाड पेशींत पोचवला जातो. तिथे कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो, आणि त्या बंद खोलीत तो इतका दाट कोंडला जातो की आत बसलेल्या रुबिस्कोला चुकायला फारशी संधीच उरत नाही. रुबिस्को तेच, पण त्याच्यापुढे माल गच्च भरलेला. या वाहतुकीला जादा ऊर्जा लागते. भर उन्हात ती परवडते. थंड, कमी उजेडाच्या जागी परवडत नाही. म्हणून ऊस, मका, ज्वारी, बाजरी, राजगिरा ही सी-४ पिकं उन्हाची, आणि गहू-हरभरा ही साधी सी-३ पिकं रब्बीच्या थंडीत सुखात. तुमच्या बांधावरची हरळी आणि रानातला लव्हाळा हे दोघेही सी-४ आहेत. मे महिन्यात ते एवढे का माजतात याचं एक कारण हेच.

पाण्याच्या बाबतीतही ऊस काटकसरी आहे असं म्हटलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही, पण ते खरं आहे. ज्या छिद्रातून कार्बन डायऑक्साइड आत येतो, त्याच छिद्रातून पाण्याची वाफ बाहेर जाते. दार एकच. एक ग्रॅम शुष्क पदार्थ तयार करायला सी-३ पिकं साधारण ५०० ग्रॅम पाणी वाफेत घालवतात, सी-४ पिकं त्याच्या निम्म्याच्या आसपास. ऊस पाणी फार पितो, कारण तो वर्षभराहून अधिक काळ रानात उभा असतो आणि शुष्क पदार्थही प्रचंड करतो. ग्रॅममागे हिशेब केला तर तो उधळा नाही. दुपारी उसाची पानं सुरळी होताना दिसली तर समजा की दार लोटलं गेलं. डोक्यावर ऊन रखरखीत असलं तरी त्या वेळी आत स्वयंपाक जवळपास बंद असतो. पाण्याची पाळी लांबली की नुकसान होतं ते असं, पान वाळायच्या कितीतरी आधी.

सोयाबीन सी-३ आहे, हे एक कारण झालं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि सहसा कोणी सांगत नाही. सोयाबीनच्या दाण्यात ढोबळमानाने ४० टक्के प्रथिनं आणि २० टक्के तेल असतं. साखरेपासून तेल बनवायचं तर एक किलो तेलाला सुमारे तीन किलो साखर मोडावी लागते, प्रथिनांना सुमारे अडीच किलो. त्यामुळे सोयाबीनच्या एका क्विंटलमागे पानांनी केलेली मेहनत उसाच्या एका क्विंटलपेक्षा कितीतरी जास्त असते. उसात तर ७० टक्के पाणीच. दोघांचे टन शेजारी ठेवून तुलना करणं सोयाबीनवर अन्याय आहे.

आता ढगाळ दिवसांकडे येतो. पुणे-सातारा-सांगलीच्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये एका चौरस मीटरवर दिवसाला साडेसहा-सात युनिट ऊर्जा उन्हातून पडते. वीजबिलात असतं तेच युनिट. जुलै-ऑगस्टमध्ये ती चार-साडेचारवर येते. सोयाबीनचं वरचं पान भर उन्हाच्या निम्म्याहून कमी प्रकाशातच पोट भरल्यासारखं होतं. त्यापुढे ऊन वाढलं तरी त्याचा वेग फारसा वाढत नाही. उसाचं पान भर दुपारच्या उन्हातही भूक राखून असतं. म्हणून ढग आले की त्या पातळीवर सोयाबीनचं फारसं बिघडत नाही, उसाचं मात्र लगेच बिघडतं. उन्हाचा भुकेला असणं ही उसाची ताकद, आणि ढगाळ हवेत तीच त्याची अडचण.

पण तुमचा ऊस नुसत्या ढगांनी थांबत नसावा. तुम्ही सांगितलं नाही, तरी मला शंका येते की रानात पाणी साठत असणार. मुळं अन्न बनवत नाहीत, पानाने पाठवलेली साखर खाऊन जगतात, आणि ती साखर जाळायला त्यांना ऑक्सिजन लागतो. वाफसा नसला की मुळं गुदमरतात. गुदमरलेली मुळं ना नत्र उचलतात, ना नीट पाणी. सरीच्या टोकाला चर काढून पाणी बाहेर काढा. त्याचा परिणाम कुठल्याही फवारणीपेक्षा आधी दिसेल.

आडसाली उसाचं टनेज सुरू उसापेक्षा का जास्त येतं, याचंही मोठं उत्तर उजेडात आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या आडसाली उसाची पानं फेब्रुवारीपर्यंत सगळं रान झाकतात. मग वर्षातलं सगळ्यात दांडगं ऊन, फेब्रुवारी ते मे, त्या भरलेल्या पानांवर पडतं. सुरू ऊस जानेवारी-फेब्रुवारीत लावतात. एप्रिलच्या उन्हात त्याची पानं वीतभर, निम्म्याहून जास्त ऊन मोकळ्या सरीवर पडून वाया जातं. त्याची पानं रान झाकतात तेव्हा वर ढग आलेले असतात. आडसालीला उन्हाळ्यात पाणी पुरवावं लागतं, हे खरं. पाणी नसेल तर हा सगळा फायदा कागदावरच राहतो. पण पाणी असेल तर ते ऊन पकडायला पानं हजर हवीत, एवढाच त्यामागचा तर्क. सुरू उसात सुरुवातीच्या तीन महिन्यांत कांदा, कोबी, भुईमूग असं आंतरपीक घ्यायला मी म्हणतो तेही त्यासाठीच. मोकळ्या सरीवर पडणारं ऊन दुसरं पान तरी पकडेल.

हे ऊन किती आहे याचा अंदाज तुम्हाला यावा. आडसालीच्या सोळा महिन्यांत तुमच्या एका एकरावर सुमारे एक कोटी युनिट ऊर्जा पडते. ६० टन उसातल्या शुष्क पदार्थात बांधली जाते ती सुमारे ८५ हजार युनिट. वाढे, पाचट, मुळ्या धरल्या तरी एक टक्क्याच्या आसपासच. ऊस हे जगातल्या सगळ्यात कार्यक्षम पिकांपैकी एक असून ही स्थिती. वाढीला जागा पुष्कळ आहे, आणि ती मिळवायची तर पान जपावं लागतं.

म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. जनावरांना वैरण हवी म्हणून उसाचा हिरवा पाला ओरबाडू नका. उसाच्या शेंड्याकडची आठ-दहा हिरवी पानं हाच त्याचा सगळा कारखाना. खालची वाळलेली पानं काढून सरीत आच्छादन करा, जमीन ओली राहील. हिरवं पान एकही तोडू नका. वैरणीचा प्रश्न खरा आहे, मला माहीत आहे, पण त्यासाठी कडेला चार गुंठे मका किंवा गिन्नी गवत लावलेलं परवडतं. आणि सरी रुंद ठेवा, साडेचार-पाच फूट. दाटीत खालच्या पानांना उजेड मिळत नाही. ती कमवत नाहीत, वर त्यांचं खाणं चालूच राहतं.

कारण पीक श्वासही घेतं, रात्रंदिवस. दिवसभर जे कमावलं त्यातला तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत भाग त्याच्या स्वतःच्या जगण्यात आणि वाढण्यात जळतो. रात्री थंड पडल्या की हा खर्च कमी होतो, वाढही मंदावते, आणि दिवसाची शिल्लक साखर कांडीत साठते. नोव्हेंबरनंतर साखरेचा उतारा चढू लागतो तो यामुळे. शेवटच्या महिन्यांत नत्र दिलं तर ऊस साखर साठवण्याऐवजी नवे कोंब आणि पानं काढण्यात ती उडवतो. मोठ्या बांधणीनंतर, म्हणजे उसाला शेवटची माती चढवल्यावर, युरियाचं पोतं घरातच राहू द्या.

मुलीसाठी घरी करता येतील असे दोन प्रयोग देतो. कृष्णेच्या कडेला साचलेल्या पाण्यात हायड्रिला ही पाणवनस्पती मिळेल. त्याच्या दोन-चार फांद्या काचेच्या ग्लासात पाण्यात बुडवून उन्हात ठेवा, पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. तो विरघळून कार्बन पुरवतो. थोड्या वेळात देठाच्या तुटक्या टोकातून बुडबुड्यांची माळ निघू लागेल. ग्लास सावलीत नेला की ती मंदावते. तिला बुडबुडे मोजू द्या, एक मिनिट उन्हात, एक मिनिट सावलीत.

दुसऱ्याला जास्वंदीची कुंडी लागते. ती दोन दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवा, म्हणजे पानात साठलेला स्टार्च संपेल. मग एका पानाच्या मधल्या भागावर दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावून कुंडी दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी पान तोडून पट्टी काढा, पान उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा. मग शेगडी पूर्ण विझवून, गरम पाण्याच्या भांड्यात स्पिरिटची वाटी ठेवा आणि तीत पान टाका. हिरवा रंग उतरून पान फिकं पडेल. स्पिरिट पेटतं, म्हणून हे काम तुम्ही स्वतः करा, मुलीला लांब उभं करा. धुतलेल्या पानावर पातळ केलेलं आयोडीन टाकायला मात्र तिच्या हातात द्या. उन्हातला भाग काळानिळा होईल, पट्टीखालचा तसाच पिवळट राहील. कुंडी एक, माती एक, खत-पाणी एक, फरक फक्त उजेडाचा. तो पाहून ती आणखी काय विचारते ते मला जरूर कळवा.